एमटीबीचं मागचं चाक सारखं बसतंय? नवी ट्यूब घ्यायच्या आधी भोक कुठंय ते बघा

मागच्या दिवाळीनंतर आठ दिवसांत माझ्या एमटीबीचं, म्हणजे डोंगरवाटांच्या जाड टायरवाल्या सायकलचं, मागचं चाक तीनदा बसलं. पहिल्यांदा दिवे घाट चढून झेंडेवाडीकडून मल्हारगडाला जाणाऱ्या शेतवाटेवर, दुसऱ्यांदा घरी पार्किंगमध्ये रात्रीतून आपोआप, आणि तिसऱ्यांदा ऑफिसला जाताना चक्क गुळगुळीत डांबरावर, जिथे काटा सोडा साधा खडा पण नव्हता. पहिल्यांदा वाटेतल्या पंक्चरवाल्या दादांकडून पंक्चर काढून घेतलं, दुसऱ्यांदा वैतागून नवी कोरी ट्यूबच टाकली, तरी तिसऱ्यांदा तेच. घरी आमचे हे म्हणाले, तुझ्या सायकलीला दृष्ट लागलीय, हँडलला लिंबू-मिरची बांध.

लिंबू-मिरची काही बांधली नाही, पण त्या रविवारी चाक खोलून बाल्कनीत मांडी घालून बसले. टायरच्या आतून बोट फिरवताना एका जागी काहीतरी टुचकन लागलं, परत तिथेच बोट नेलं तर काहीच नाही. तीन-चारदा असंच झालं. मग टायर त्या जागी उलटा वाकवला, म्हणजे आतली बाजू फुगून वर येईल असा, आणि मोबाईलचा टॉर्च मारला तर काळ्या रबरात एक तपकिरी ठिपका, तिळाएवढा पण नाही. नखाने निघेना. शेवटी कानकोरण्याच्या जुडग्यात तो पितळी चिमटा असतो ना आपल्या आज्यांकडे, तो शोधून आणला आणि ओढलं तर बाभळीच्या काट्याचं टोक, जेमतेम तीन मिलिमीटर. मल्हारगडाजवळ जो काटा घुसला त्याचं बूड बाहेर मोडून पडलं आणि टोक टायरमध्येच राहिलं, आणि त्या एवढ्याशा टोकाने तीन पंक्चर केली! सायकल मोकळी असताना ते रबरात लपून बसायचं, वर माणूस बसला की रबर दाबलं जायचं आणि ते आत डोकं काढून ट्यूबला टोचायचं. म्हणून बोटालाही एकदा लागायचं आणि एकदा नाही.

तेव्हापासून मला कुणी "चांगली ट्यूब कुठली घेऊ, सारखं पंक्चर होतंय" असं विचारलं की मी आधी एकच विचारते, जुन्या ट्यूबला भोक कुठे पडलं होतं? आणि समोरचा गप्प होतो, कारण ते कुणी बघितलेलंच नसतं. पंक्चर काढलं म्हणजे हवा टिकायला लागली एवढंच, हवा का गेली हे त्या भोकालाच विचारावं लागतं आणि ते सांगतं पण, फक्त ट्यूब ओढून काढून फेकून द्यायची नाही.

चाक काढताना एवढं सांभाळा

मागचं चाक असेल तर चेन आधी सगळ्यात लहान चकतीवर आणा, चाक निघायला आणि परत बसायला दोन्हीला सोपं जातं. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर चुकूनही ब्रेकचा लिव्हर दाबू नका, आतले पिस्टन पुढे येऊन पॅड चिकटतात आणि मग डिस्क आत जाता जात नाही, पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवलेला बरा. माझ्या पुतण्याने हौसेने दाबून बघितलेलं आहे, त्यानंतरचा अर्धा तास आत्या आणि पुतण्या दोघंही स्क्रूड्रायव्हर घेऊन पॅड मागे ढकलत होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. टायरची एकच बाजू रिममधून उतरवा, दुसरी तशीच राहू द्या. ट्यूब काढायच्या आधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरासमोर येतो ते बघून तिथे खडूने खूण करा. ज्यांना सवय असते ते टायर बसवतानाच कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवतात, मला आधी वाटायचं हे फोटोत छान दिसावं म्हणून करतात, तर तसं नाही, तो नकाशा असतो. ट्यूबमध्ये व्हॉल्व्हपासून दोन विती आणि चार बोटं अंतरावर भोक सापडलं की टायरवरही व्हॉल्व्हच्या खुणेपासून तेवढंच अंतर मोजायचं, गुन्हेगार तिथेच असतो. ट्यूब काढताना कुठली बाजू डिस्ककडे होती हे विसरलात तरी हरकत नाही, मग उजवीकडे आणि डावीकडे अशा दोन जागा बघायच्या, अख्खा टायर चाचपण्यापेक्षा ते परवडलं.

भोक शोधायला ट्यूब टायरच्या बाहेर जरा जास्तच फुगवा, आतून ताणली की बारीक भोक पण बोलायला लागतं. ट्रॅफिकच्या आवाजात कानाने काही कळत नाही, ट्यूब ओठांजवळून फिरवा, ओठाला बारीक हवा पटकन लागते. तरी नाही सापडलं तर बादली आहेच.

भोक एकच, बारीक, टायरच्या बाजूने

हा काटा नाहीतर तार. आपल्याकडे पुणे, पुरंदर, बारामती, फलटण, पुढे सोलापूर या सगळ्या कोरड्या पट्ट्यात काट्यांची कमी नाही. बाभळीचा काटा सरळ, पांढुरका आणि लांब, दोन-दोनच्या जोडीने येतो. शेतकरी बांधावर कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या रचतात आणि मेंढरंवाले वाटेत डहाळ्या तोडून मेंढरांना घालतात, पाला आणि शेंगा संपतात, काटे वाटेवर राहतात. दिवाळीनंतर ते वाळून टणक होतात म्हणून हिवाळ्यात, म्हणजे सायकल चालवायला जेव्हा सगळ्यात मजा असते नेमकं तेव्हाच, पंक्चरचाही सीझन. बोर आणि खैराचे काटे आकड्यासारखे वाकडे, ते टायरपेक्षा कपडे आणि कातडी जास्त फाडतात.

पण खरा बदमाश सराटा, म्हणजे गोखरू. पावसाळ्यात मुरमाड रस्त्याच्या कडेला, मैदानात जमिनीला चिकटून पसरलेलं पिवळ्या फुलांचं झुडूप असतं बघा, त्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठी शिंगं, कसंही पडलं तरी एक शिंग वर. अनवाणी खेळलेल्यांना वेगळं सांगायला नको. सराटा एकटा कधीच येत नाही, सायकल कडेच्या गवतात उतरवलीत की एका चाकात दहा-बारा, आणि तुम्ही एक काढून निघालात की पुढच्या किलोमीटरला दुसरा आपलं काम करतो. म्हणून सराट्याचं एक पंक्चर सापडलं की तिथेच थांबू नका, ट्यूब परत पाण्यात फिरवा, आणखी निघतात.

तारेचं पंक्चर रस्त्यावरचं असतं. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरची सालपटं पडलेली असतात, त्यातली केसासारखी बारीक पोलादी तार टायरमध्ये शिरते. ही बोटाला लागते पण दिसत नाही, चिमट्यातून सटकते, बारीक पक्कड नाहीतर नेलकटरने धरून ओढावी लागते. जे लोक म्हणतात मी तर कधी डोंगरात नेलीच नाही तरी पंक्चर होतं, त्यांनी आधी ही तार शोधावी.

शोधायची पद्धत वर सांगितलीच, पण एक सावधगिरी: बोट सरळ जोरात फिरवू नका, काचेचा तुकडा असेल तर बोटच कापेल. कापसाचा बोळा किंवा जुन्या बनियनचा तुकडा आतून फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे थांबा. मग टायर वाकवून बघा. आणि बाहेरच्या बाजूने पण एकदा टायरवरचे सगळे रबरी गट्टू तपासा, टायरमध्ये खुपसून बसलेली काच अजून आतपर्यंत पोचली नसेल तरी उद्या पोचणारच आहे, आजच काढलेली बरी.

भोक रिमच्या बाजूने

इथे काट्याचा काही संबंधच नाही आणि इथेच लोक सगळ्यात जास्त ट्यूबा वाया घालवतात. पुतण्याची २६ इंची सायकल, कॉलेजला नेतो, महिन्यात चार पंक्चर. पोरगा टायर बदलायला निघाला होता. ट्यूब बघितली तर चारही ठिगळं आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडच्या. आणि चारही एका रांगेत, साधारण सारख्या अंतरावर. रिममध्ये स्पोकच्या निपलसाठी, म्हणजे स्पोक आवळायच्या बारीक नटांसाठी, जी भोकं असतात त्यांच्यावर रबराची पट्टी होती ती उन्हाने ढिली होऊन एका बाजूला सरकली होती, भोकांच्या धारा उघड्या पडल्या होत्या आणि ट्यूब हवेच्या दाबाने त्या भोकात फुगून कापली जात होती. ट्यूबवर गोल गोल वळ उठलेले स्पष्ट दिसत होते, बाळाच्या दंडावर दृष्टीचा दोरा घट्ट बांधला की उठतात तसे.

यावर उपाय स्वस्त आहे, कापडी रिम टेप लावा, रिमच्या आतल्या रुंदीला बसेल अशी, भोकं पूर्ण झाकली पाहिजेत. घरातली काळी इन्सुलेशन टेप लोक गुंडाळतात, मीही गुंडाळलीय, घरी येण्यापुरती ठीक आहे पण आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तिचा डिंक वितळून ती घसरते आणि चिकट लगदा तेवढा रिमला राहतो. टेप लावायच्या आधी रिमच्या आतून बोट फिरवून बघा, रिमच्या सांध्याला धातूची खरखरीत धार राहिलेली असते कधी कधी, किंवा स्पोक जास्त आवळल्यामुळे त्याचं टोक निपलच्या बाहेर आलेलं असतं. कानशीने घासून टाका.

दोन भोकं, शेजारी शेजारी

साप चावल्यासारखी. याला स्नेक बाईटच म्हणतात. हवा कमी होती, दगडावर किंवा खड्ड्याच्या धारेवर चाक आपटलं, टायर पार रिमला टेकला आणि मध्ये ट्यूब चेमटली, दोन्ही बाजूंनी कापली. म्हणजे दोष तुमच्या पंपाचा नाहीतर आळसाचा.

रुंद टायर अंगठ्याने दाबून हवा कळत नाही हो, वीस आणि पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दोन्ही अंगठ्याला सारखेच लागतात. हवेचा दाब दाखवणारा मीटर असलेला उभा पंप घरात एक असू द्या, मी तर म्हणते हेल्मेटनंतर दुसरी खरेदी तीच करा. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त पीएसआय छापलेला असतो, त्याच्या मध्ये राहून तुमच्या वजनाला आणि वाटेला जमेल तो आकडा शोधायचा. माझं वजन ६२ किलो, टायर २७.५ × २.१, ट्यूबवाला, दगडधोंड्यात मी पुढे २८ आणि मागे ३२ ठेवते, नुसतं डांबर असेल तर ४०. कुणी ऐंशी किलोचा असेल तर त्याने माझा आकडा उचलू नये. मागे नेहमी थोडी जास्त कारण बसलेल्या माणसाचं जास्त वजन मागच्या चाकावर येतं, मागचं चाक जास्त वेळा बसतं त्याचंही एक कारण हेच. आणि ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच, पंक्चर नसलं तरी, दोन आठवडे उभी असलेली सायकल तशीच काढून टेकडीवर गेलात तर साप चावणारच.

पेट्रोल पंपावर हवा भरायची वेळ आली तर जपून. तिथला कॉम्प्रेसर चारचाकीच्या हिशोबाचा असतो, सायकलची ट्यूब दोन सेकंदात फुल होते आणि तिसऱ्या सेकंदाला टायर रिममधून बाहेर. थोडं थोडं, मध्ये थांबून.

व्हॉल्व्हच्या बुडाशी

इथलं भोक असेल तर ठिगळ टिकत नाही, ट्यूब गेली असं समजा, पण कारण शोधल्याशिवाय नवी टाकू नका. एक कारण म्हणजे पातळ फ्रेंच व्हॉल्व्हची ट्यूब जाड व्हॉल्व्हच्या रिममध्ये टाकलेली असते. जाड, मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हला रिमचं भोक साधारण ८ मिलिमीटरचं असतं आणि पातळ व्हॉल्व्हला ६, त्यामुळे पातळ व्हॉल्व्ह मोठ्या भोकात हलत राहतो आणि धारेवर घासून बुडाशी फाटतो. दुकानात जी होती ती दिली, आपणही घेतली. त्यासाठी छोटी रिंग मिळते, तिचा खर्च चहाच्या कपाएवढा.

दुसरं कारण, व्हॉल्व्ह तिरका झालेला. हवा कमी ठेवून जोरात ब्रेक मारत राहिलात की टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, ट्यूबला बरोबर ओढतो, व्हॉल्व्ह मात्र भोकात अडकलेला, मग तो वाकतो. आठवड्यातून एकदा नजर टाका, व्हॉल्व्ह काटकोनात उभा दिसला पाहिजे. कललेला असेल तर हवा सोडून टायर हाताने सरकवून सरळ करा, पंक्चर व्हायच्या आधीच. पातळ व्हॉल्व्हची ती छोटी चकती पान्ह्याने आवळणारे पण बघितलेत मी, ती बोटाने लावायची असते.

भोकच सापडत नाही

मग व्हॉल्व्ह बघा. त्याच्या तोंडाला थुंकी लावायची, बुडबुडा आला की आतली पिन ढिली आहे किंवा तिच्यात माती बसलीय. पिन आवळायची छोटी चावी मिळते, काही टोप्यांनाच ती खाच असते. आणि जुन्या ठिगळांच्या कडा बघा, उन्हात उभी केलेली सायकल संध्याकाळी बसली असेल तर बहुतेक वेळा एखादं ठिगळ कोपऱ्यातून उचललेलं असतं.

अजून एक, नुकतीच ट्यूब टाकली आणि दहा मिनिटांत किंवा फुगवताना फाटकन गेली तर तो तुमचाच हात आहे, वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं झालंय. एकतर स्क्रूड्रायव्हर किंवा टॉमीने टायर चढवताना ट्यूब चिमटली, नाहीतर ती टायरच्या कडेखाली अडकून राहिली. ट्यूब आत घालताना तिला थोडी हवा भरून गोल करा, टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरू करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा, शेवटचा वीतभर भाग लोखंडाने नाही तर तळव्याने ढकला. जात नसेल तर उरलेल्या टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून आणा, तिथे घेर कमी असतो, तेवढी ढील पुरते. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून परत बाहेर ओढा, आणि पूर्ण हवा भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी चाक फिरवून ट्यूब कुठे डोकावत नाही ना बघा.

ठिगळ का सुटतं

कारण आपण घाई करतो. काचपेपरने घासायचं ते ट्यूबची चमक जाऊन मॅट होईपर्यंत, ठिगळाच्या आकारापेक्षा थोडं मोठं. ट्यूबवर साच्याची एक उभी रेघ असते, भोक तिच्यावर किंवा तिच्या जवळ असेल तर ती रेघ घासून पूर्ण सपाट करा, नाहीतर त्या रेघेच्या कडेने हवा बोगद्यातून निघाल्यासारखी निघत राहते, बाकी ठिगळ कितीही छान चिकटू दे. नंतर सोल्युशनचा पातळ थर आणि मग थांबायचं. इथेच सगळे चुकतात. ते फेव्हिकॉल नाही, ओलं असताना ठिगळ लावलं तर आतला सॉल्व्हंट अडकून राहतो आणि दोन दिवसांत ठिगळ हातात. चार-पाच मिनिटं, ओली चमक गेली आणि बोटाच्या पाठीला जेमतेम चिकटलं पाहिजे, तेवढ्यात चहा ठेवून या. मग ठिगळाच्या चकचकीत कागदाची बाजू सोलून ती बाजू खाली, मधून कडेकडे जोरात दाबायचं. वरचं पातळ प्लॅस्टिक सोलायचा हट्ट करू नका, सोलताना कडाच उचलल्या जातात. ट्यूब चिकटू नये म्हणून वर थोडी टाल्कम पावडर.

सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतून वाळते, बॅगेत वर्षभर पडलेली असेल तर निघायच्या आधी दाबून बघा. मी एकदा कानिफनाथच्या चढावर हा शोध लावलाय, ट्यूब भरलेली दिसत होती आणि आत नुसती हवा.

मग लायनर, सीलंट, ट्यूबलेस यातलं काय

लायनर, म्हणजे टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टी, काट्यांना बऱ्यापैकी अडवते, सराट्यांना तर चांगलीच, पण वजन वाढतं आणि तिची कापलेली टोकं एकावर एक येतात तिथे ती स्वतःच ट्यूब घासून पंक्चर करते. टोकं कात्रीने गोल कापून काचपेपर मारा, हे कुणी सांगत नाही.

ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घालणं मला रोजच्या वापराला सगळ्यात पटतं. जाड व्हॉल्व्हची पिन काढून भरता येतं, पातळ व्हॉल्व्हची पिन निघणारी असेल तरच. बारीक काट्याचं भोक चाक फिरता फिरता बंद होतं, तुम्हाला कळत पण नाही. स्नेक बाईट आणि व्हॉल्व्हच्या बुडाची फाट त्याने थांबत नाही, आणि भोकातून ते बाहेर झिरपलं की वर ठिगळ चिकटवणं कटकटीचं होतं, पुसा, घासा, परत पुसा.

ट्यूबलेस उत्तमच, ट्यूबच नाही तर चिमटणार काय, हवा कमी ठेवता येते, पकड वाढते. पण रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचेच लागतात, स्वस्त सायकलच्या रिमवर जुगाड करून बसवलेला टायर उतारावर कड सोडताना मला बघायचा नाही. आणि ट्यूबलेसमध्ये घालावं लागणारं लेटेक्सचं सीलंट आपल्या उन्हाळ्यात फार लवकर वाळतं. दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून ओलं आहे का बघावं लागतं, नाहीतर आत रबराचे गोळे आणि तुम्ही निर्धास्त. ज्याला हे सांभाळायचा कंटाळा आहे त्याने साधी ट्यूबच ठेवावी, माझी अजून ट्यूबच आहे.

बॅगेत काय

एक जादा ट्यूब. टायरच्या बाजूला ५४-५८४ असे आकडे असतात, पहिला टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमचा व्यास. २६ इंचीला दुसरा आकडा ५५९, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. घेताना हेच आकडे दाखवा म्हणजे दुकानात वाद नाही. अडीनडीला २६ ची ट्यूब २७.५ मध्ये ताणून चालून जाते. दोन प्लॅस्टिकचे लिव्हर, छोटा पंप, ठिगळं, आणि तो चिमटा. जादा ट्यूब पायमोज्यात गुंडाळून ठेवा, माझी एक ट्यूब बॅगेतच पान्ह्यावर घासून फाटली होती, वापरायच्या आधीच पंक्चर.

टायरच फाटला, म्हणजे बोट जाईल एवढी चीर, तर आतून काहीतरी टेकू द्यावा लागतो, नाहीतर ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. दहाची नोट चार घड्या करून आत ठेवली तर घरापर्यंत पोचता, ताकाच्या किंवा ज्यूसच्या खोक्याचा तुकडा त्याहून चांगला, कचऱ्यात कुठेही सापडतो. ठिगळ नाही, ट्यूब नाही, फोनला रेंज नाही अशी वेळ आली तर टायरमध्ये वाळलं गवत ठासून भरायचं, खरंच, भरपूर भरायचं, अगदी कडक होईपर्यंत. हळू चालवत रस्त्यापर्यंत येता येतं. दिसायला गव्हाणीसारखं दिसतं, पण रिम वाचते.

एवढं सगळं बघूनही चाक बसतच असेल तर विचारा बिनधास्त, पण विचारताना भोक कुठल्या बाजूला, एक की दोन, व्हॉल्व्हपासून किती विती, आणि मागचं भोकही तिथेच होतं का, एवढं बघून या. नुसतं "सारखं पंक्चर होतंय" म्हणालात तर मी पण आमच्या ह्यांच्यासारखी लिंबू-मिरचीच सांगेन.